आम्लांचे उकळबिंदूखालील ऊर्ध्वपातन

प्रयोगशाळेतील आम्ले न उकळता, केवळ पृष्ठभागावरून बाष्प करून शुद्ध करण्याची पद्धत. द्रव उकळला की बुडबुडे फुटतात, सूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांतून धातूंचे क्षार पलीकडे जातात. नेहमीच्या ऊर्ध्वपातनाची मर्यादा हीच. येथे अवरक्त दिव्यांनी वरूनच उष्णता देतात. शांतपणे उठणारे बाष्प पाणी खेळवलेल्या थंड नळीवर सांद्रित होऊन थेंबथेंब जमते. काम फार संथ चालते, पण शिसे, लोह, तांबे यांचे प्रमाण अब्जांशाच्याही खाली येते.

उपकरण क्वार्ट्‌झचे असते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल क्वार्ट्‌झ खाते, म्हणून त्यासाठी टेफ्लॉनच वापरावे लागते. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समधील रसायनज्ञांनी १९७२ मध्ये या पद्धतीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. दोन टेफ्लॉन बाटल्या काटकोनात जोडून केलेली मॅटिन्सन या संशोधकाची साधी रचनाही त्याच वर्षाची.

इतक्या शुद्ध आम्लाची गरज कोठे पडते, याचे एक उदाहरण: धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ३३७ टन कचरा जाळण्यात आला. अशा राखेतील किंवा परिसरातील विहिरींच्या पाण्यातील जड धातू मोजताना नमुना आम्लात विरघळवतात वा आम्लयुक्त करतात. आम्लातच शिसे असेल, तर आकडा नमुन्याचा की आम्लाचा हे कळत नाही. लोकांच्या आरोग्याशी निगडित मोजमापात ही संदिग्धता मुळीच चालू नये. मात्र पारा, बोरॉनची संयुगे यांसारखी बाष्पनशील द्रव्ये या पद्धतीने पुरेशी वेगळी होत नाहीत. त्यांच्यासाठी कोऱ्या (नमुना न घातलेल्या) आम्लाची स्वतंत्र चाचणी घ्यावीच लागते.