पडद्यावरची शिरोरेषा

लातूर जिल्ह्यातील मुरुड येथील एका शाळेत आम्ही आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. सोबत लॅपटॉपवर तयार केलेला पाठ होता. प्रोजेक्टरने तो भिंतीवर टाकला, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने आकृतीखालच्या बारीक अक्षरांतला ‘वंश’ हा शब्द ‘वश’ असा वाचला. सरांनी पुन्हा वाचायला सांगितले. त्याने पुन्हा तेच वाचले आणि वर्ग हसला. आम्ही मागे जाऊन पाहिले. अनुस्वार जवळजवळ पुसला गेला होता आणि शिरोरेषा राखाडी झाली होती. चूक मुलाची नव्हती, आमची होती.

असे का व्हावे? आमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर १९२० × १०८० ठिपके होते. प्रोजेक्टरमध्ये होते १०२४ × ७६८. दोन्हींकडे एकच चित्र दाखव, असे आम्ही संगणकाला सांगितले होते. त्याने लॅपटॉपसाठी तयार झालेले चित्र १०२४ ठिपक्यांच्या रुंदीत दाबून बसवले. म्हणजे जेथे १५ ठिपके होते तेथे ८ उरले. एक ठिपका जाडीच्या रेघेच्या वाट्याला जेमतेम अर्धा ठिपका आला. पण ठिपक्याचे तुकडे करता येत नाहीत. तो काळ्याऐवजी राखाडी करणे एवढेच संगणकाच्या हाती असते.

लहानमोठ्या आकारांत अक्षर सारखेच रेखीव ठेवण्याचा प्रश्न संगणकाहून जुना आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्या काळी अक्षरांचे खिळे शिशाचे ओतत आणि प्रत्येक आकारासाठी पोलादी ठसा वेगळा कोरावा लागे. मोठे अक्षर नुसते आकसून बारीक अक्षर होत नसे. बारीक अक्षरातली पोकळी शाईने भरून जाऊ नये म्हणून कारागीर ती थोडी मोकळी ठेवी. आकार बदलला की अक्षर नव्याने घडवायचे, हे त्याला ठाऊक होते.

पडद्यावर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याचे चित्र ठिपक्यांचे होते आणि त्यावर खिडक्या उघडत. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर ५१२ × ३४२ ठिपके होते, इंचाला ७२. पडदा एकाच प्रकारचा असल्याने प्रत्येक ठिपका हाताने ठरवता येई. पण पडदे वेगवेगळे झाले की ही सोय संपते.

मग उपाय असा निघाला, की अक्षराचे ठिपके न साठवता त्याची बाह्यरेषा गणिताने साठवायची आणि दर वेळी समोरच्या पडद्यासाठी ती नव्याने रेखायची. १९९१ मध्ये आलेल्या ‘ट्रूटाइप’ पद्धतीत याच्या जोडीला सूचनाही देता येत: ही रेघ पूर्ण ठिपक्यांवरच बसव, ती जाडी सर्वत्र सारखी ठेव. देवनागरीला याची गरज विशेष. शिरोरेषा एका अक्षरात एक ठिपका आणि शेजारच्यात दोन ठिपके जाड झाली, तर सारी ओळ वाकडी दिसते. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि असंख्य मराठी वाचकांनी पडद्यावरचे पहिले युनिकोड मराठी त्यातच वाचले.

जे अक्षराचे, तेच खिडकीच्या चौकटीचे. २०१० नंतर दाट ठिपक्यांचे पडदे आले आणि एकाच टेबलावर दाट व विरळ असे दोन पडदे शेजारी बसू लागले. २०१३ मधील विंडोज ८.१ ने प्रत्येक पडद्याला वेगळे प्रमाण देण्याची सोय केली. पण प्रोग्रामला ती ठाऊक नसेल, तर खिडकी एका पडद्यासाठी रेखली जाते आणि दुसऱ्यावर ताणली जाते. मग अक्षरे पुसट दिसतात.

वर्गात हे करून पाहा. आलेखाच्या कागदावर वरून दुसरी आणि पाचवी ओळ काळी करा. दोन्ही रेघा १ चौकट जाड आहेत. आता चित्र दीडपट करा. पहिली रेघ १.५ ते ३ आणि दुसरी ६ ते ७.५ या जागी येईल. अर्धी चौकट रंगवायची नाही, असा नियम ठेवा आणि अर्धा आला की पुढचा पूर्णांक घ्या. पहिली रेघ २ ते ३, म्हणजे १ चौकट जाड होईल. दुसरी ६ ते ८, म्हणजे २ चौकटी! मूळच्या सारख्या रेघा वेगळ्या झाल्या. आता क्रम बदला: आधी जाडी पूर्णांकात ठरवा, मग जागा. दोन्ही रेघा सारख्या येतील. चांगले प्रोग्राम हेच करतात.

मुरुडच्या त्या वर्गात आम्ही संगणकाला दोन पडदे वेगळे धरायला सांगितले. त्याने प्रोजेक्टरसाठी पाठ नव्याने रेखला. मग त्याच मुलाला पुन्हा वाचायला सांगितले. त्याने ‘वंश’ वाचले.