मंडाले ते रत्नागिरी : दोन उलटे प्रवास

सांवेर रोड परिसरातल्या आपल्या मराठी घरांतून आजकाल दर सुट्टीत कोणी ना कोणी थायलंड, बाली किंवा व्हिएतनामला जाऊन येते. परतल्यावर फोटो दाखवताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "अहो, तिथेही आपला गणपती आहे बरं का!" आणि ते खरेच आहे. थायलंडमध्ये त्याला ‘फ्रा फिखनेत’ म्हणतात, तो ‘विघ्नेश’ शब्दाचाच अवतार. तिथल्या सरकारी ललितकला विभागाच्या बोधचिन्हावर गणपती आहे. जावा बेटावरच्या प्रंबानन येथील शिवमंदिरात पश्चिमेकडच्या गाभाऱ्यात तो बसला आहे. इंडोनेशियाने १९९८ साली काढलेल्या वीस हजार रुपियाच्या नोटेवरही त्याचे चित्र होते.

देव तिकडे कसा गेला, हे पुष्कळांनी लिहिले आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मात्र आणखी एका प्रवासाची आठवण व्हायला हवी. ज्यांनी १८९३ च्या सुमारास घरातल्या गणपतीला चौकात आणले, त्या लोकमान्य टिळकांनी आयुष्याची जवळजवळ सहा वर्षे आग्नेय आशियात काढली. अर्थात स्वखुशीने नव्हे.

‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरून २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. आधी साबरमतीचा तुरुंग, मग सप्टेंबरमध्ये समुद्रमार्गे रंगून आणि तिथून मंडाले. त्या काळी ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. सरकारच्या दृष्टीने कैदी एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेला होता, एवढेच. घरच्यांसाठी मात्र ते काळे पाणीच होते.

मंडालेची त्यांची कोठडी लाकडी होती. उन्हाळ्यात गरम वारा आणि धूळ सरळ आत येई. त्यात मधुमेहाचे पथ्य. अशा जागी, १९१०-११ च्या हिवाळ्यात, त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. शाईची परवानगी नव्हती, म्हणून पेन्सिलीने. त्याच काळात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला. जून १९१२ मध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या, ती बातमीही त्यांना तिथेच कळली. १९०९ पासून १९१३ पर्यंतचे पाच गणेशोत्सव आले आणि गेले. ते सुरू करणारा माणूस हजारो कोसांवर होता. जून १९१४ मध्ये सुटका झाली, पुढच्या वर्षी ग्रंथ छापून निघाला.

आता दुसरा प्रवास. टिळकांचा तुरुंग मंडालेच्या ज्या किल्ल्यात होता, तो काही इंग्रजांनी बांधलेला नव्हता. ब्रह्मदेशाच्या मिंडॉन राजाने १८५७ मध्ये वसवलेल्या राजधानीचा तो राजवाड्याचा कोट. मिंडॉनचा मुलगा थिबा हा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केले आणि राणी सुपयालत व मुलींसह आधी मद्रासला व तिथून १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. आणि टिळकांचा जन्म कुठला? रत्नागिरीचाच, १८५६ चा.

म्हणजे १९०८ ते १९१४ या काळात रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेच्या राजकोटात कैदेत होता आणि त्या राजकोटाचा धनी रत्नागिरीत नजरकैदेत. सत्ता एकच, युक्तीही एकच : माणसाला त्याच्या माणसांपासून तोडा, म्हणजे तो विसरला जाईल. टिळकांच्या बाबतीत ती फसली. थिबाच्या बाबतीत साधली. भाट्याच्या खाडीकडे पाहणाऱ्या टेकडीवर १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी प्रशस्त राजवाडा बांधला गेला, पण डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला आणि त्याची समाधी रत्नागिरीतच राहिली. राणी पुढे रंगूनला परतली.

थोरल्या राजकन्येचे राजवाड्यावरच्या एका मराठी दरवानाशी नाते जुळले. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, तिथेच तिचा संसार झाला. ती मराठी बोलायची, कागदाची फुले करून विकायची, आणि २००० साली गेली. ब्रह्मदेशाच्या राजाची नात कोकणातल्या एका साध्या घरात आपल्यासारखीच मराठी बोलत होती! डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर येऊन गेले, तेव्हा कुठे अनेकांना या जागेची आठवण झाली.

मंडालेला आज सहज जाता येत नाही. २०२१ पासून त्या देशात अशांतता आहे, आणि मार्च २०२५ च्या भूकंपाने शहराला व किल्ल्याच्या तटबंदीलाही तडाखा दिला. जुना लाकडी राजवाडा तर १९४५ मध्येच, महायुद्धात, जळून गेला. आज दिसतो तो नंतर उभारलेला.

पण या प्रवासाचे दुसरे टोक आपल्या हातात आहे. होळकरांच्या काळापासून इंदूरला स्थिरावलेल्या आपल्या घरांत कोकणाशी नाते सांगणारी कितीतरी कुटुंबे आहेत. कुलदैवताला जाणे होते, आंब्याच्या दिवसांत जाणे होते. पुढच्या खेपेस रत्नागिरीत एक दिवस जास्त काढा. टिळक आळीतले जन्मस्थान पाहा, मग थिबा राजवाड्यातले संग्रहालय पाहा, आणि समाधीजवळही थोडे थांबा. मुलांना नकाशावर मंडाले दाखवा. बालीहून आणलेल्या फोटोंशेजारी हाही फोटो लावा.

आणि अनंत चतुर्दशीला आपल्या इंदूरच्या झांक्या निघतात, त्यांत कधी तरी एक अशीही निघावी : एका बाजूला मंडालेची लाकडी कोठडी आणि पेन्सिलीने लिहिणारे टिळक, दुसऱ्या बाजूला खाडीकडे पाहत बसलेला थिबा. रस्त्याकडेला उभा असलेला एखादा मुलगा नक्की विचारेल, "आजोबा, तो राजा कोण?" त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार असावे.