काट्याची भाजी

मंडळी, करडईची भाजी कोवळी असतानाच खायची, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे पानांना काटे आले की तिच्या वाटेला कोणी जात नाही. या करडईचं एक लांबचं भावंडं भूमध्य समुद्राच्या काठी वाढतं. त्याचं नाव आर्टिचोक. दोन्ही झाडं सूर्यफुलाच्या कुळातली, आणि त्यातही काटेरी शाखेतली.

करडईची आपण पानं खातो, आर्टिचोकची खातात ती न उमललेली कळी. ती उकडायची, एकेक जाड पाकळी उपटून तिच्या बुडाचा गर दातांनी ओरपायचा, आतले केसाळ तंतू खरवडून फेकायचे आणि तळाचा मऊ गाभा खायचा. कळी उमलू दिली तर जांभळं, देखणं फूल मिळतं, पण खाण्याजोगं फारसं उरत नाही.

एवढा खटाटोप करून हाती येतं ते मूठभर! तरी याला प्राचीन रोममध्ये केवढा भाव! इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात वारलेला प्लिनी नावाचा लेखक याच जातीच्या काटेरी झाडाबद्दल चिडून लिहितो, की कार्थेज आणि कोर्दोबा इथल्या लहानशा वाफ्यांतून ६,००० सेस्टर्स (तेव्हाची रोमन नाणी) मिळतात. जनावरंही जे टाळतात ते माणसं पैसे मोजून खातात, हा त्याचा राग.

मध्ययुगात अरबांच्या राज्यात स्पेनमध्ये या झाडाची निगुतीने लागवड झाली. अरबी 'अल्-खर्शूफ'चं स्पॅनिशमध्ये 'अल्काचोफा' झालं आणि इटलीमार्गे इंग्रजीत 'आर्टिचोक'. राजे गेले, राज्यं गेली, पण बागाइतदारांचा शब्द मात्र टिकला.

पुढे इटालियन माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली, आणि त्यांच्यामागून ही भाजीही गेली. न्यूयॉर्कमध्ये सिरो टेरानोव्हा नावाच्या गुंडाने कॅलिफोर्नियाहून येणारा माल ताब्यात घेतला. तो म्हणेल त्या भावाने घ्यायचं, नाहीतर दमदाटी. महापौर ला गार्डिया स्वतः इटालियन बापाचा मुलगा. २१ डिसेंबर १९३५ रोजी भल्या पहाटे तो घाऊक बाजारात गेला, तुताऱ्या फुंकवल्या आणि आर्टिचोकच्या विक्रीवर बंदी जाहीर केली. भाव उतरले, आणि थोड्याच दिवसांत बंदी उठली.

मला या गोष्टीत महापौरापेक्षा तो हातगाडीवाला जास्त दिसतो. गावाकडची चव म्हणून चार कळ्या विकायच्या, तर त्यातलाही वाटा गुंडाला द्यायचा. शाळेत इतिहास शिकवताना लढाया आणि सनावळ्या घोकून घेतल्या जातात. भाजीचा भाव कोण ठरवतं, हा प्रश्न पुस्तकात क्वचितच येतो. झाडाचे काटे माळ्यांनी पिढ्यान्पिढ्या बी निवडून कमी केले. तराजूच्या काट्यावर मात्र सारखं लक्ष ठेवावं लागतं, तिकडे आणि आपल्या मंडईतही.

असो. परदेशातल्या मंडळींपैकी कोणी ही भाजी घरी केली असेल, तर कशी लागली ते जरूर कळवा.