व्हाइट अल्बम (व्हिडिओ गेम)

व्हाइट अल्बम हा जपानमधील लीफ या निर्मितीसंस्थेचा, मूलतः प्रौढांसाठी असलेला व्हिज्युअल नॉव्हेल प्रकारातील व्हिडिओ गेम आहे. तो १ मे १९९८ रोजी विंडोज संगणकांसाठी प्रसिद्ध झाला.

कथानक
विद्यापीठात शिकणारा तोया फुजिई आणि त्याची प्रेयसी युकी मोरिकावा यांच्याभोवती कथा फिरते. युकी ही नवोदित गायिका आहे. तिची कीर्ती वाढत जाते, तशा दोघांच्या भेटी विरळ होतात. याच हिवाळ्यात तोयाचा इतर तरुणींशी सहवास वाढतो. त्यांत युकीची मैत्रीण व ज्येष्ठ गायिका रिना ओगाता हीदेखील आहे.

स्वरूप
खेळाडू तोयाच्या आठवड्याचा दिनक्रम आखतो. कोणाची गाठ पडेल, हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते. या प्रकारच्या खेळांत नायक सहसा एकटा असतो व कोणतीही नायिका निवडण्यास मोकळा असतो. येथे तो आधीच प्रेमबंधनात आहे. साहजिकच दुसरी कोणतीही वाट म्हणजे युकीशी प्रतारणा ठरते. खेळाचे वेगळेपण प्रामुख्याने या अवघडलेपणातच आहे.

रूपांतरे
२००९ मध्ये यावर २६ भागांची अ‍ॅनिमे मालिका आली; तिचा काळ १९८६ हा आहे. २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ साठी सुधारित आवृत्ती निघाली. व्हाइट अल्बम २ हा स्वतंत्र कथेचा खेळ २०१० व २०११ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला.