लाइन आली, पण शेजार?

आमच्या गावाच्या नावातच जोडणी आहे: धामणगाव रेल्वे. 1867मध्ये मुंबईहून आलेली लाइन नागपूरला पोचली आणि आमचं स्टेशन यवतमाळकडच्या कापसाचं दार झालं. बैलगाड्यांतून आलेला कापूस इथून मुंबईच्या बंदराकडे जायचा. माझ्या कामाच्या भाषेत, बँडविड्थ आली. तिच्यावरून माल मात्र भरपूर गेला. माणूस माणसाला धरून राहील, ही सोय काही लाइनसोबत आली नाही.

ते काम जवळच्याच मोझरीत तुकडोजी महाराजांनी हाती घेतलं. 1935मध्ये गुरुकुंज आश्रम, मग गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं. पहाटे ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. भक्तीपेक्षा मला त्यातलं वेळापत्रक मोलाचं वाटतं. रोज ठरल्या वेळी, जात-धर्म न विचारता, शेजारी शेजारी बसायचं. जो आला नाही, त्याची जागा रिकामी दिसते. आमच्या कॉलेजच्या बॅचच्या ग्रुपवर कोण महिनाभर गप्प आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि नुसतं बसणं नव्हतं. ग्रामगीतेत सामुदायिक प्रार्थनेवर अध्याय आहे, तसे ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्यावरही आहेत. संध्याकाळी सोबत बसणाऱ्यांनीच सकाळी झाडू घ्यायचा होता.

महाराज 11 ऑक्टोबर 1968ला गेले, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला गुरुकुंजात अफाट समुदाय मौन धरतो. फोन तिथंही खिशाखिशात असतातच.