मुंबई ते कराची : वाढत गेलेलं अंतर

नकाशावर पट्टी ठेवली, तर मुंबई ते कराची हे अंतर सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर भरतं. दिल्ली मुंबईपासून याहून लांब आहे. तरीही दिल्ली मला जवळची वाटते आणि कराची परक्या मुलखातली. ही भावना फाळणीच्या एका रात्रीत तयार झाली असं आपण धरून चालतो. इतिहास थोडं वेगळं सांगतो.

इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. पुढे १९३६ पर्यंत कराचीचा कारभार मुंबईतूनच चाले. मुंबईकडची माणसं नोकरीनिमित्त तिकडे जात. कराचीतल्या एका जुन्या शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे. सिंधच्या शिक्षणखात्यात काम केलेला हा मराठी माणूस.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले. अहमदाबादला इंधन भरून ते जुहूला उतरले, तेव्हा साधारण सव्वासात तास झाले होते. टाटांच्या विमान टपालसेवेची ही सुरुवात एकाच इलाख्यातल्या दोन शहरांमध्ये झाली.

१९४७ नंतर सिंधी निर्वासित बोटींनी मुंबईला आले. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली आणि तिथे उल्हासनगर उभं राहिलं. सीमा आखली गेली होती, पण वाट पुरती बुजली नव्हती. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, टाटांनी तेच उड्डाण छोट्या विमानातून पुन्हा केलं. या वेळी मात्र ते परदेशातून मायदेशी येत होते.

खरी वाट अडली ती कचेऱ्या आणि सेवा बंद होत गेल्या तशी. कराचीतला भारतीय वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला. त्यानंतर कराचीकराला मुंबईच्या व्हिसासाठी इस्लामाबादकडे पाहावं लागलं, आणि इस्लामाबाद तर कराचीपासून मुंबईहून दूर! पुढे थेट विमानसेवाही थांबली. आता दुबईमार्गे जायचं, तर उड्डाणांचंच अंतर ३,१०० किलोमीटरच्या घरात जातं. मधला थांबा धरून सात-आठ तास सहज लागतात. वेग कितीतरी पट वाढूनही आपण १९३२च्या वेळेवरच आहोत, आणि तेही व्हिसा मिळाला तर.

फाळणीने रेघ ओढली, पण हे अंतर नंतरच्या एकेका निर्णयाने वाढवलं. निर्णय फिरवता येतात, म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. मात्र ज्यांची घरं कराचीत राहिली, त्या पिढीतली फार थोडी माणसं आता उरली आहेत. त्यांच्यापाशी वाट पाहायला वेळ नाही.