चाकाचा आस

कैकेयीची गोष्ट आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. युद्धाच्या ऐन धुमाळीत दशरथाच्या रथाचा आस निखळला, तेव्हा तिने आपला हात चाकात घालून रथ सावरला आणि दोन वर मिळविले. पुढे त्या वरांनी काय अनर्थ केला, ते सांगायला नकोच! रथ असो, बैलगाडी असो की सायकल असो, सारा डोलारा एका आडव्या दांड्यावर उभा असतो. आणि तो दांडा धड आहे तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही. सायकलीच्या आसाचीही एक कथा आहे. तीतही आधी वर आहे आणि मागाहून अनर्थ.

इटलीत तुलिओ काम्पान्योलो नावाचा एक सायकलपटू होता. १९२७ च्या नोव्हेंबरात एका शर्यतीत तो क्रोचे द'आउनेच्या घाटात, बर्फात सापडला. त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक दातेरी चक्र असे; चढ आला की चाक सोडवून उलटे बसवायचे. पण गारठलेल्या बोटांना नट फिरेनात आणि शर्यत हातची गेली, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार तिच्याविषयी साशंक आहेत. पुढे त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेली युक्ती मात्र खरी: आस पोकळ करायचा, त्यातून बारीक सळई घालायची आणि टोकाला एक खटका लावायचा. खटका दाबला की चाक घट्ट, उलटा फिरविला की मोकळे. पान्याचे कामच नाही. १९३३ मध्ये विचेन्झा गावी त्याचा कारखाना निघाला आणि हा खटका शर्यतीच्या जगात सर्वत्र गेला. हा झाला वर.

आता कथा अमेरिकेत जाते. कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७६ साली काही हौशी तरुण जुन्यापुराण्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्यातून पुढे डोंगरी सायकल जन्मली. १९८९ मध्ये ‘रॉकशॉक्स’चा धक्के शोषणारा पुढचा चिमटा आला. त्याचे दोन पाय नळ्यांवरून वरखाली सरकतात. त्यांना जोडणारी एक कमान टायरवर असते आणि खाली असतो तो आस. तो लेचापेचा असला, की हँडल एकीकडे वळते आणि चाक आळसटल्यासारखे मागून येते.

मग डिस्क ब्रेक आला आणि अनर्थ ओढवला. हा ब्रेक डाव्या पायाच्या मागल्या बाजूस चाकाची तबकडी पकडतो, तेव्हा आसाला खाली ढकलणारा जोर निर्माण होतो. आणि आस बसतो ती खाच तर खालीच उघडी! खटका किंचित सैल पडला, तर ऐन उतारावर चाक निसटून स्वार तोंडघशी पडे. २००३ साली एका इंग्रज शास्त्रज्ञाने हे कोडे जाहीरपणे उलगडून दाखविले.

यावरचा उपाय म्हणजे खाच बुजवून दोन्ही पायांना बंद भोके ठेवायची आणि त्यांतून जाड, पोकळ आस आरपार घालून आवळायचा. भरीव दांड्याची जाडी दुप्पट केली, तर तो वाकायला सोळापट जोर लागतो. म्हणून जाड पण पोकळ नळी वजनाला हलकी राहूनही ताठ असते. उतारावरच्या शर्यतवाल्यांनी २० मिलिमीटरचा आस आधीच पत्करला होता. इतरांना हवी होती आखूडशिंगी, बहुदुधी गाय! २००८ मध्ये जपानची शिमानो आणि अमेरिकेची फॉक्स यांनी मिळून १५ मिलिमीटरचा आस काढला. २०१५ च्या सुमारास हबची रुंदी १०० वरून ११० मिलिमीटर झाली. तंबूचे तणावे दूर रोवले की तंबू डुलत नाही. तसे आरे फाकले आणि चाकही ताठ झाले.

तेव्हा आस निवडायचा तो चिमटा पाहून. ११० च्या चिमट्यात १०० चे हब नीट बसत नाही, आणि उघड्या खाचेच्या चिमट्याला नुसता जाड आस आणून उपयोग नाही. बाजाराला जाणाऱ्या सायकलीला जुना खटका आजही पुरतो. डोंगर उतरायचा असेल, तर आरपार आसच हवा.

दशरथाच्या रथाला एवढी सोय असती, तर रामायण कोणत्या वाटेने गेले असते, कोण जाणे!